चाकावरचं झाकण

गाडी ताशी 100 किलोमीटरने धावत असते तेव्हा टायरचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणी जागच्या जागी असतो आणि टायरचा माथा ताशी 200 किलोमीटरने पुढे जात असतो. बाहेरच्या अंगाचा दुसरा कुठलाही भाग खुद्द गाडीपेक्षा वेगात नसतो. तरीही गाडी वाऱ्याला कशी कापते याची चर्चा निघाली की आपण बॉनेट, काच, छप्पर यांबद्दल बोलतो आणि चाकं विसरतो. हवेकडून गाडीला होणाऱ्या एकूण विरोधातला साधारण पाव हिस्सा चाकांचा आणि ती ज्या पोकळीत फिरतात तिचा असतो. या पाव हिश्श्यातला थोडा तरी परत मिळवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चाकावर बसणारं प्लास्टिकचं गुळगुळीत झाकण.

पुढच्या बंपरवरून बाजूला ढकलली गेलेली हवा पुढच्या चाकावर तिरकी येऊन आदळते. त्यात चाकाच्या आऱ्यांमधल्या मोकळ्या जागेतून आतली हवा बाहेर उसळते आणि फिरणारे आरे तिला पंख्यासारखे घुसळत राहतात. मग गाडीच्या दोन्ही कुशींना भोवऱ्यांचा जाड पट्टा तयार होतो. तो ओढत नेण्याची किंमत पेट्रोलमधून नाहीतर बॅटरीतून वसूल होते. आऱ्यांवर सपाट चकती बसवली की हवेची ही आतबाहेर थांबते आणि गाडीच्या अंगाला चिकटून मागे जाणं हवेला सोपं जातं.

हे ज्ञान आधी शर्यतवाल्यांना होतं. अमेरिकेत यूटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर वेगाचे विक्रम करायला जाणारी हौशी मंडळी चाकांवर ॲल्युमिनियमच्या घुमटाकार चकत्या लावत. कॅलिफोर्नियातल्या सांता फे स्प्रिंग्जच्या डीन मून यांनी त्या विकायला सुरुवात केली आणि ‘मून डिस्क’ हे नाव कायमचं रूढ झालं. पत्रा साच्यावर फिरवून दाबत घडवलेली ही चकती. तिच्यावर एकही रेघ नाही, खाच नाही. शर्यतीसाठी ती सरळ रिमला भोकं पाडून स्क्रूने पक्की करतात, कारण त्या वेगात निसटलेली चकती म्हणजे मागच्याच्या जिवाशी गाठ. पुढे ती रस्त्यावरच्या गाड्यांवर शोभा म्हणून मिरवू लागली, पण जन्म तिचा कामासाठीच झाला होता.

मोटार कंपन्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी मागचं चाकच पत्र्याआड घेतलं. 1955 च्या सित्रोएन डीएसचं मागचं चाक अर्ध्याहून अधिक झाकलेलं असे. जनरल मोटर्सची 1996 ची विजेवर चालणारी ईव्ही1 आणि तिच्यामागोमाग आलेली होंडाची पहिली इनसाइट यांनीही तेच केलं. ईव्ही1 चा हवारोधाचा गुणांक 0.19 होता आणि आजही फार थोड्या गाड्या तिथवर पोहोचतात. पण ही युक्ती मागेच चालते. पुढची चाकं वळतात, त्यांना पत्र्याआड घ्यायचं तर गाडीची रुंदी वाढवावी लागेल. पुढच्या चाकाचं झाकण चाकावरच बसायला हवं आणि त्याच्याबरोबर फिरायला हवं.

मग इतकी वर्षं ते सर्रास का दिसलं नाही? एक कारण मोजमापाचं. जुन्या पवनबोगद्यांत गाडी स्थिर जमिनीवर, न फिरणाऱ्या चाकांवर उभी करत, त्यामुळे फिरत्या चाकाचा खरा उपद्रव आकड्यांत उतरतच नसे. जमिनीच्या जागी सरकता पट्टा आला तेव्हा तो दिसू लागला. पुढे 2017 पासून युरोपात लागू झालेल्या चाचणीपद्धतीत ग्राहकाने निवडलेल्या चाकांचा हवारोधही त्या गाडीच्या हिशेबात धरला जाऊ लागला. दुसरं कारण आवडीनिवडीचं, आणि ते अजून तसंच आहे.

टेस्लाच्या मॉडेल 3 चं 18 इंची चाक जवळून पाहावं. वरून करडं, जवळजवळ सपाट झाकण, कडेकडे वळणदार फटी. फटींत दोन्ही हातांची बोटं घालून सरळ ओढलं की क्लिपा सुटतात आणि ते हातात येतं. खाली ॲल्युमिनियमचं नेहमीचं, आऱ्यांचं, देखणं चाक. या रचनेतलं शहाणपण मला फार आवडतं. भार पेलण्याचं काम धातूने करायचं, हवेला आकार देण्याचं काम हलक्या प्लास्टिकने. तेच सपाट चाक सगळं धातूचं ओतलं असतं तर वजन वाढलं असतं. ‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकन मासिकाने ताशी 50, 70 आणि 90 मैल वेगांना झाकणासह आणि झाकणाशिवाय गाडी चालवून पाहिली. सरासरी फरक निघाला 3.4 टक्के. 400 किलोमीटर चालणाऱ्या गाडीला तेरा-चौदा किलोमीटर जास्त, तेही केवळ चार झाकणांवर! तरी कितीतरी मालक ती काढून ठेवतात, आणि उघड्या चाकांच्या नटांवर लावायच्या टोप्यांचा संच कंपनीच विकते. चाकाचे आरे दिसले म्हणजे गाडी रुबाबदार, हा समज सोडायला हवा असं मला मनापासून वाटतं.

अर्थात हा फायदा वेगाचा आहे. हवेवर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मॉडेल 3 ला ताशी 100 किलोमीटरला त्यासाठी साडेसहा किलोवॅटच्या आसपास लागतात, 50 ला त्याच्या आठव्या हिश्श्यावर भागतं. म्हणून पुण्यात सिंहगड रस्त्यावर रांगेत सरकणाऱ्या गाडीला झाकणाचं फारसं काही मिळणार नाही, द्रुतगती मार्गावर रोज मुंबई गाठणाऱ्याला मिळेल. आपल्या बाजारातल्या चंदेरी व्हील कॅपची गोष्ट निराळी. ती लोखंडी रिम झाकायला केलेली असते. तिच्यावर नक्षी, खोटे आरे, खोटे बोल्ट असतात, आणि ती सैल बसली असेल तर एखाद्या खड्ड्यात निखळून जाते. वाऱ्यासाठी घडवलेलं झाकण गुळगुळीत आणि त्या चाकाच्या मापाचंच असावं लागतं. विजेच्या गाड्यांच्या चाकांवर रुंद पाती आणि अरुंद फटी दिसतात, त्यामागे हाच विचार असतो.

फटी पूर्ण बुजवत नाहीत त्याला कारण ब्रेक. डिस्क तापते आणि तिची उष्णता जायला हवा लागते. पेट्रोल-डिझेलच्या गाडीने खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच खाली यायचं ठरवलं तर पूर्ण बंद झाकण धोक्याचं ठरू शकतं. तिथे खालचा गिअर टाकायचा हा जुना नियम आहेच. विजेची गाडी उतारावर मोटरनेच वेग रोखते आणि वीज परत बॅटरीत भरते, ब्रेक त्यामानाने थंड राहतात, म्हणून तिला झाकण जास्त मानवतं. पण लोणावळ्यात बॅटरी शंभर टक्के भरून लगेच घाट उतरायला घेतला तर ती वीज ठेवायला बॅटरीत जागा नसते आणि सगळा भार पुन्हा ब्रेकवर येतो. तेव्हा उतार समोर असेल तर चार्जिंग थोडं आधीच थांबवावं.