पट्टा-संचरणातील सर्पण व गतिक्षय : एका प्रचलित सूत्राची तपासणी

प्रस्तावना

पिठाच्या गिरणीपासून लेथपर्यंत अनेक यंत्रांत पट्टा व कप्पी यांच्यातील घर्षणाने शक्तीचे वहन होते. अशा रचनेत चालित कप्पीची गती केवळ व्यासांच्या गुणोत्तरावरून काढलेल्या गतीपेक्षा किंचित कमी भरते. ही घट पट्टा घसरल्यामुळेच होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात घसरण आणि सर्पण, म्हणजेच क्रीप, यांतील भेद स्पष्ट करून अध्यापनातील एका सूत्राची तपासणी केली आहे.

सर्पणाचे कारण

पट्टा लवचीक असतो. चालक कप्पीवर तो ताणलेल्या अवस्थेत येतो व सैल होऊन बाहेर पडतो. म्हणजेच कप्पीवर असतानाच तो आकुंचन पावतो. चालित कप्पीवर याउलट तो प्रसरण पावतो. दोन्ही ठिकाणी प्रवेशाकडील भागात पट्टा कप्पीला चिकटून राहतो. निर्गमाकडील भागात मात्र त्याची सूक्ष्म सापेक्ष हालचाल होते. हेच सर्पण. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८७४ मध्ये हे कारण मांडले. भार वाढला की सर्पणाचा भाग वाढत जातो. त्याने संपूर्ण स्पर्शकंस व्यापला की खरी घसरण सुरू होते.

सूत्र व उदाहरण

पट्ट्याच्या प्रत्येक छेदातून एकक काळात सारखेच वस्तुमान जाते. म्हणून ताणलेल्या बाजूचा वेग सैल बाजूपेक्षा अधिक असतो. चालक कप्पीच्या पृष्ठभागाचा वेग ताणलेल्या बाजूइतका, तर चालित कप्पीचा सैल बाजूइतका राहतो. ताणलेल्या व सैल बाजूंचे प्रतिबल अनुक्रमे σ₁ व σ₂ आणि स्थितिस्थापकता गुणांक E मानल्यास, समान व्यासाच्या कप्प्यांसाठी :

N₂ / N₁ = (E + σ₂) / (E + σ₁)

काही पाठ्यपुस्तकांत मात्र σ ऐवजी √σ आढळते. E व √σ यांची परिमाणे भिन्न असल्याने त्यांची बेरीजच संभवत नाही. उदाहरणार्थ, E = १००, σ₁ = २ व σ₂ = ०.८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आणि N₁ = १४४० फेरे प्रति मिनिट घेतल्यास वरील सूत्राने N₂ सुमारे १४२३ येते. वर्गमुळाच्या सूत्राने ते सुमारे १४३३ येते. आणि हीच प्रतिबले न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये लिहिल्यास जवळजवळ १४४० येते. एकक बदलल्याने यंत्राची गती बदलत नाही. म्हणून हे सूत्र ग्राह्य ठरत नाही.

निष्कर्ष

पट्टा अधिक ताणल्याने घसरण थांबते; सर्पण मात्र थांबत नाही, कारण दोन बाजूंच्या ताणांतील फरक वाहून नेलेल्या भारावर ठरतो. जादा ताणाने बेअरिंगवरील भार तेवढा वाढतो. जेथे गतीचे गुणोत्तर अचूक हवे, तेथे दातेरी पट्टा किंवा साखळी वापरावी. अध्यापकांनी हे सूत्र शिकविताना परिमाणांची तपासणी विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावी. त्यामुळे छापील सूत्रही पारखून घेण्याची सवय त्यांना लागेल.