दहा शेतांची साक्ष

गेवराई तालुक्यात बाजरीच्या राशी होऊ लागल्या की पीककापणी प्रयोगाच्या आकड्यांची चर्चा चावडीपासून चहाच्या टपरीपर्यंत सुरू होते. २०२५ च्या खरिपापासून राज्यात पीकविम्याची भरपाई मुख्यत्वे याच प्रयोगांवर अवलंबून असल्याने ही चर्चा पोटापाण्याची आहे. महसूल मंडळात एका पिकाचे किमान १० प्रयोग, असा पंतप्रधान पीकविमा योजनेचा दंडक. दहा शेतांवरून साऱ्या मंडळाचा निवाडा कसा व्हावा, हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्तच आहे.

सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात यादृच्छिक नमुन्याने पीककापणीची पद्धत देशात रुजविली. शेताची निवड चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निःपक्ष असेल, तर नमुना किती चुकू शकेल याचाही हिशेब मांडता येतो, हे तिचे मर्म होय.

समजा, दहा प्रयोगांची सरासरी हेक्टरी ९.१ क्विंटल आली आणि शेताशेतांतील प्रमाण विचलन अडीच क्विंटल निघाले. अशा वेळी चुकीची मर्यादा सुमारे १.८ क्विंटल येते. म्हणजे मंडळाची खरी सरासरी ७.३ ते १०.९ यांच्या दरम्यान मानावी लागते. उंबरठा उत्पन्न ९ क्विंटल असल्यास भरपाई शून्य. परंतु खरी सरासरी ८ असणेही या आकड्यांशी विसंगत नाही. उलट बाजूने विमा कंपनीचेही असेच नुकसान होऊ शकते.

येथे ‘९५ टक्के विश्वास’ या शब्दांचा अर्थ नीट ध्यानी घ्यावयास हवा. ९५ टक्के शेतकऱ्यांचे उत्पन्न या पट्ट्यात बसते, असा तो नव्हे. याच रीतीने शंभर वेळा नमुने घेतले, तर सुमारे ९५ पट्ट्यांत खरी सरासरी सापडेल, ही पद्धतीची हमी आहे. पट्टा निम्मा करावयाचा तर प्रयोग चौपट, म्हणजे सुमारे ४० करावे लागतात. शिवाय ही मर्यादा केवळ योगायोगाच्या चुकीची असते. रस्त्याकाठचे सोयीचे शेत निवडले किंवा वजनात हयगय झाली, तर ती चूक कोणत्याही सूत्रात दिसत नाही.

तेव्हा सरासरीबरोबर प्रयोगांची संख्या आणि चुकीची मर्यादाही चावडीवर लावली गेली पाहिजे. दहा शेतांची साक्ष खोटी नसते. ती किती दूरवर ग्राह्य धरावी, एवढेच जाहीर व्हावयास हवे.