पीएच.डी.चा अर्ज आणि संशोधनप्रश्नाची निश्चिती : मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांकरिता

मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळविलेला विद्यार्थी पीएच.डी.चा विचार करू लागला, की तो प्रथम पात्रता, प्रवेशपरीक्षा व शुल्क यांची चौकशी करतो. ही चौकशी अवश्य केली पाहिजे. परंतु तिने अर्जाचे बाह्यांग तेवढे पुरे होते. अर्जाचा गाभा म्हणजे विद्यार्थ्याला ज्याचे उत्तर शोधावयाचे आहे तो प्रश्न होय. प्रश्न निश्चित नसताना प्रवेश मिळाला, तर उमेदीची तीन-चार वर्षे विषय बदलण्यात खर्ची पडतात. म्हणून प्रश्नाची निश्चिती प्रवेशानंतर नव्हे, अर्जापूर्वीच करणे हिताचे आहे.

नियमांची चौकट

भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रवेश विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार होतात. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण, अथवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण अशी सर्वसाधारण पात्रता असून राखीव प्रवर्गांस ५ टक्क्यांची सवलत आहे. विद्यापीठाने स्वतःची प्रवेशपरीक्षा घेतल्यास तीत निम्मा भाग संशोधनपद्धतीचा व निम्मा विषयाचा असतो; निवडीत लेखी परीक्षेला ७० व मुलाखतीला ३० टक्के भार दिला जातो. २०२४ पासून ‘नेट’ परीक्षेच्या गुणांवरही प्रवेश देण्याची सोय झाली आहे. प्रबंधाला किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षे मिळतात. प्रत्येक विद्यापीठाची अधिसूचना मात्र मुळातूनच वाचली पाहिजे.

येथेच एका गैरसमजाचा निरास करणे आवश्यक आहे. रुग्णांवर उपचार करण्याची इच्छा धरून अनेक विद्यार्थी पीएच.डी.कडे वळतात. पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे; चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम व परिषदेकडील नोंदणी यांची आवश्यकता असते. ज्याची ओढ उपचाराकडे आहे त्याने हा भेद अर्जापूर्वीच ध्यानात घ्यावा.

विषय आणि प्रश्न

‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतील परीक्षाचिंता’ हा विषय झाला. तो प्रश्न नव्हे. विषयात माहिती कितीही गोळा करता येते, परंतु केव्हा थांबावे हे तो सांगत नाही. प्रश्नाचे लक्षण असे, की त्याची निदान दोन उत्तरे संभवतात आणि कोणत्या पुराव्याने कोणते उत्तर टाकून द्यावे लागेल हे आधीच सांगता येते.

वरील विषयाचा प्रश्न असा करता येईल : मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत शिकू लागलेल्या विद्यार्थ्यांत परीक्षाचिंता अधिक आढळली, तर तिचे कारण परीक्षेची भाषा हे आहे, की पूर्वतयारीतील वा आर्थिक स्थितीतील भेद हे आहे? आता पुराव्याची दिशा दिसू लागते. अशा विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एकाच आशयाची प्रश्नपत्रिका एका गटास मराठीत व दुसऱ्यास इंग्रजीत द्यावी. पूर्वतयारी व आर्थिक स्थिती यांतील भेद चिठ्ठ्यांमुळे दोन्ही गटांत साधारणतः सारखे विभागले जातात. भाषा हे कारण असेल तर मराठी गटात चिंता कमी दिसली पाहिजे. ती तशी दिसली नाही, तर भाषेच्या कारणाचा आधार ढळतो. आपला अभ्युपगम खोटा ठरण्याची वाट ज्याने स्वतःच मोकळी ठेवली आहे, त्याचा प्रस्ताव परीक्षकास विश्वासार्ह वाटतो.

मापनाचे साधन

येथपर्यंत आलेले पुष्कळ प्रस्ताव साधनाच्या निवडीत अडखळतात. परदेशी तयार झालेली इंग्रजी प्रश्नावली जशीच्या तशी वापरली, तर वरील अभ्यासात मोठाच दोष शिरतो. इंग्रजीची अडचण असलेला विद्यार्थी प्रश्नावलीतील विधानेच नीट समजू शकणार नाही. मग मोजली गेली ती चिंता, की इंग्रजीचे ज्ञान, हे ठरविणे अशक्य होते. केवळ भाषांतरानेही काम भागत नाही. मराठीत ‘काळजी वाटणे’ आणि ‘काळजी घेणे’ यांत शब्द एक असला तरी भाव भिन्न आहेत. आणि परीक्षेच्या भीतीविषयी विद्यार्थी बोलतो तेव्हा ‘धास्ती’, ‘छातीत धडधड’, ‘पोटात गोळा’ असे शब्द योजतो. हे शब्द मोजमापात आले पाहिजेत, आणि नव्या साधनाची विश्वसनीयता व यथार्थता येथील विद्यार्थ्यांवर पुन्हा तपासली पाहिजे.

ही दृष्टी नवी नाही. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन-श्रेणीचे मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी संस्करण केले आणि त्याचा वृत्तांत १९३४ साली प्रसिद्ध झाला. परक्या भाषेतील कसोटी येथे वापरावयाची तर ती येथील मुलांवर पारखून घ्यावी लागते, हा त्या कार्याचा धडा आजही प्रस्ताव लिहिणाऱ्याच्या उपयोगी आहे.

नमुन्याची संख्या

‘शंभर विद्यार्थी घेतले जातील’ असे प्रस्तावात सहज लिहिले जाते. शंभरच का, याचे उत्तर मात्र नसते. दोन गटांतील फरक प्रमाण-विचलनाच्या निम्म्याइतका असेल, तर ५ टक्के सार्थकता-पातळीवर तो ८० टक्के संभाव्यतेने आढळण्यासाठी प्रत्येक गटात सुमारे ६४ व्यक्ती लागतात. फरक प्रमाण-विचलनाच्या एक-पंचमांशाइतकाच असेल, तर हीच संख्या गटागणिक ३९० च्या पुढे जाते. ही संख्या मिळविणे शक्य नसेल, तर प्रश्न बदलणे इष्ट.

या सावधगिरीला कारण आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सहकारी प्रकल्पात मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध अभ्यासांची पुनरावृत्ती करण्यात आली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थ निष्कर्ष होते. पुनरावृत्तीत हे प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांवर आले. लहान नमुन्यावर मोठा निष्कर्ष उभारण्याची सवय या शास्त्राला महाग पडली आहे.

मार्गदर्शकाची निवड

प्रश्न व साधन ठरल्यावर मार्गदर्शकाचा विचार करावा. नियमाप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ व सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी राहिलेल्या अध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. म्हणून नावलौकिकापेक्षा जागा रिक्त आहे की नाही, आणि त्या अध्यापकांचे अलीकडील लेखन आपल्या प्रश्नाशी जुळते की नाही, हे पाहावे. त्यांचे दोन-तीन शोधनिबंध वाचून लिहिलेले अर्ध्या पानाचे पत्र दहा पानी आत्मवृत्तापेक्षा अधिक बोलके ठरते.

२०१६ च्या विनियमांनी मुलाखतीसाठी तीन कसोट्या सांगितल्या होत्या : उमेदवाराची त्या संशोधनाची क्षमता आहे काय, ते काम त्या संस्थेत नीट होऊ शकेल काय, आणि त्यातून ज्ञानात भर पडेल काय. ते विनियम आता मागे पडले. कसोट्यांचे मोल मात्र उणावलेले नाही. विद्यार्थ्याने हे तीन प्रश्न अर्ज भरण्यापूर्वी स्वतःस विचारावेत, आणि तिन्हींची उत्तरे एका पानावर मांडता येत नसतील तर त्या वर्षी अर्ज न करता वाचनास द्यावे. एक वर्ष उशिरा मिळालेला प्रवेश हानी करीत नाही. प्रश्नावाचून मिळालेला प्रवेश मात्र करतो.