हँडलवरचा मोबाईल: घरी केलेला माउंट, औंधच्या रस्त्यांसाठी

माउंट कसा करायचा ते सांगतोच, पण तो औंधकडून निघणाऱ्याला का लागतो ते आधी. औंध संस्थान नकाशावर सलग कधीच नव्हतं. राजधानी औंध आज साताऱ्याच्या खटाव तालुक्यात. आटपाडी सांगली जिल्ह्यात. आणि राजांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेली किर्लोस्करवाडी तिसऱ्याच बाजूला, कुंडलजवळ. (हे लक्ष्मणराव मुळात बेळगावात सायकलचं दुकान चालवायचे, त्यामुळे आजचा विषय त्यांना आवडला असता असं मला उगीचच वाटतं.)

ही तीन ठिकाणं एका दिवसात मोटारसायकलवर करायची तर दर फाट्यावर थांबून खिशातून मोबाईल काढावा लागतो. बरेच जण थांबतच नाहीत. डाव्या हातात मोबाईल, म्हणजे क्लच सुटला, आणि समोर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली. रस्ता बघायला मोबाईल वापरायला कायद्याची हरकत नाही. ऑक्टोबर २०२० पासून तसा नियमच आहे. अट एवढीच की चालवणाऱ्याचं लक्ष उडता कामा नये.

मग बाजारातला स्वस्त माउंट का नको? थरथरीमुळे. एका सिलिंडरची गाडी ४,५०० आरपीएमवर असते तेव्हा क्रँक सेकंदाला ७५ फेरे घेतो आणि तेवढेच धक्के हँडलपर्यंत येतात. आजच्या बऱ्याच फोनमध्ये कॅमेऱ्याचं भिंग बारीक स्प्रिंगांवर तरंगतं ठेवलेलं असतं, हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून. हाताचा कंप सावरायला ती व्यवस्था आहे, इंजिनाचा तासन्‌तास मार खायला नाही. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलवर आयफोन लावू नका, आणि स्कूटर-मोपेडवर लावायचाच तर कंप शोषणारा माउंट वापरा.

म्हणजे माउंटला दोन उलटी कामं करायची आहेत. हँडलला घट्ट धरायचं आणि फोनला मात्र सैल ठेवायचं.

घट्टपणासाठी प्लंबिंगच्या दुकानात जा. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींच्या हँडलची नळी २२ मिलिमीटरच्या आसपास असते. खात्री करायची तर दोरा गुंडाळून परीघ मोजा आणि ३.१४ ने भागा. आता गंमत बघा, गरम पाण्याच्या पाऊण इंची सीपीव्हीसी पाईपचा बाहेरचा व्यास २२.२ मिलिमीटर! तरीही मी पाऊण इंचीचा क्लॅम्प घेत नाही, एक इंचीचा घेतो. तो २८.६ मिलिमीटरच्या पाईपसाठी असतो, त्यामुळे सगळीकडून तीन मिलिमीटर जागा उरते. तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून तीन-चार वेढे गुंडाळायची. क्लॅम्प लोखंडी, दोन तुकड्यांचा, स्क्रूने आवळायचा. प्लास्टिकचा उन्हात कडक होऊन तडकतो. आणि दोन लावा. एकच असेल तर खड्ड्यात आपटल्यावर सगळा डोलारा पुढे झुकतो.

दोन्ही क्लॅम्पवर तीन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी. तिच्यावर आणखी एक छोटी पट्टी, आणि दोघींच्या मध्ये चार रबरी ग्रोमेट. गाडीच्या साईड पॅनेलला असतात तेच, स्पेअर पार्टवाल्याकडे मिळतात. सगळं यश इथे आहे, म्हणून नीट ऐका. ग्रोमेटच्या भोकात आधी धातूची छोटी नळी घाला, मग बोल्ट. नट आवळताना जोर त्या नळीवर यायला हवा. रबर पूर्ण चेपलं की ते नुसतं वॉशर होतं आणि थरथर जशीच्या तशी वर जाते. नट नायलॉकचा घ्या, साधा नट कंपाने सैल होतो.

वरच्या पट्टीवर फोनचं जाड कव्हर चपट्या डोक्याच्या स्क्रूंनी बसवायचं, आत फेल्टचा तुकडा. फोनच्या चार कोपऱ्यांवरून ट्यूबचीच फुलीसारखी पट्टी. शिवाय एक दोरी फोनपासून थेट हँडलला. ती दिसायला वाईट दिसते, राहू द्या.

माझं मत विचाराल तर या माउंटवर रोजचा फोन लावूच नये. घरात पडलेला जुना, साध्या कॅमेऱ्याचा फोन लावा. जीपीएसला सिमकार्ड लागत नाही. नकाशा निघायच्या आधी वायफायवर उतरवून घेतला की रेंज गेली तरी चालतं.

आता गाडी स्टँडवर लावून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. क्लचची केबल, ब्रेकची नळी, चावी, कुठेही काही अडकता कामा नये आणि स्पीडोमीटर झाकला जाऊ नये. चार्जिंगची वायर वळणाला पुरेल एवढी सैल सोडा. मग यमाईच्या डोंगरावर, वाटेतल्या संग्रहालयापर्यंत एक चक्कर मारा, खाली आल्यावर सगळे नट पुन्हा तपासा, आणि मगच आटपाडीची वाट धरा.