बोहल्यानंतरची प्रेमकथा

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतला महाराष्ट्र घेऊन प्रेमकादंबरी लिहायची म्हटली की लेखकाच्या हाती आधी वस्तू लागतात. नऊवारी, नथ, कंदील, टांगा, वाड्याची दिंडी, पगडी. जुनी छायाचित्रे आणि मासिकांतल्या जाहिराती पाहून त्या गोळा करता येतात, आणि गोळा कराव्यातही. पण पुष्कळदा एवढ्या सजावटीखाली कथानक आजचेच राहते: दोघे एकमेकांना पाहतात, मने जुळतात, घरचे आड येतात, शेवटच्या प्रकरणात लग्न लागते. हा साचा त्या काळाला बसत नाही, असे माझे ठाम मत आहे. तेव्हाच्या बहुतेक मराठी जोडप्यांची प्रेमाची गोष्ट अंतरपाट दूर झाल्यावर सुरू होत होती, आणि तिच्या आड येणारी मुख्य गोष्ट म्हणजे भरल्या घरात एकांत नसणे. हे एकदा पत्करले की कादंबरीचा आराखडाच पालटतो. लग्न पहिल्या प्रकरणात जाते, किंवा पुस्तक उघडण्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेले असते, आणि वाचकाने वाट पाहायची ती दोन माणसांना मोकळेपणी बोलता येईल त्या घटकेची.

याचा पुरावा बायकांच्या आत्मचरित्रांत आहे. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ 1910 साली आले. 1873 मध्ये लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, माधवराव एकतीस वर्षांचे. पुस्तक वरवर पतीचे चरित्र आहे, पण कादंबरी लिहिणाऱ्याने त्यातली घराची मांडणी पाहावी. नवरा शिकवतो ते रात्री, आणि त्या शिकण्याचा हिशेब दिवसा घरातल्या इतर बायका टोमण्यांनी चुकता करतात. जी गोष्ट दोघांना जवळ आणते, तीच तिला घरात एकटी पाडते. कथानकाला याहून सकस बीज कोणते हवे? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. लग्नाला दीड दशक झाल्यावर, 1895 मध्ये, नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या, पुढे परत त्यांच्याकडे आल्या, आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मुले-बाळे झालेल्या दोन माणसांनी एकमेकांकडे पुन्हा नव्याने यायचे, आणि मध्ये जात, सोवळे, माहेर, सासर सगळे उभे. ही बाई नवऱ्यावर रागावते, त्याच्या तऱ्हांना हसते, आणि त्याच्यावाचून तिचे चालत नाही. मराठीतल्या कितीतरी कल्पित प्रेमकथा या खऱ्या गोष्टीपुढे फिक्या वाटतात, कारण तिच्यातले अडथळे लेखकाच्या सोयीसाठी आलेले नाहीत.

असा अडथळा पानावर उभा कसा करायचा, ते एका पत्रावरून पाहता येईल. नवरा मुंबईत शिकायला किंवा नोकरीला आहे, बायको पुण्याच्या वाड्यात सासरी. पोस्टकार्ड 1879 मध्ये निघाले तेव्हापासून 1922 पर्यंत पाव आण्याला मिळत असे, बंद पाकिटाला अर्धा आणा पडे. फरक एका पैशाचा, आणि नोकरदार माणसाला तो जड नव्हता. पण सुनेच्या नावाने पाकीट आले, की ते दिंडीतून माजघरात पोचेपर्यंत चार हातांतून जायचे, आणि कार्डावर मावणार नाही असे लिहायचे तरी काय होते, हा प्रश्न कोणीतरी विचारायचेच. म्हणून तो कार्ड लिहितो, आणि वडिलांना लिहितो. तीर्थरूपांना शिरसाष्टांग नमस्कार, इकडील क्षेम, हवापाणी, परीक्षेची तारीख, घरातील सर्व मंडळींना यथायोग्य. सासरे ओसरीवर ते मोठ्याने वाचतात. ती माजघराच्या दाराआड निवडत बसलेली आहे, आणि त्या ‘सर्व मंडळीं’त तिला स्वतःला शोधायचे आहे. आता लेखकाने एकच वाक्य घालावे: माडीवरच्या फडताळातले अमुक पुस्तक धाकट्याला वाचायला द्यावे. सासऱ्यांना त्यात वावगे काही दिसत नाही. तिला मात्र ठाऊक आहे की त्या पुस्तकावरूनच तो तिला रात्री धडे देत होता, आणि धाकट्याच्या आधी ते तिने उघडावे अशी त्याची इच्छा आहे. दुपारी सगळी निजल्यावर तिला माडीचा जिना चढायचा आहे, आणि जिन्याची तिसरी पायरी वाजते. आलिंगनाच्या पानभर वर्णनाने जे साधत नाही ते या पायरीने साधते, कारण इथे वाचक श्वास रोखून बसतो.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप वयाचा आहे, आणि त्याला बगल देणारा लेखक मला विश्वासार्ह वाटत नाही. संमतिवयाच्या 1891 च्या कायद्याने मर्यादा दहावरून बारावर नेली, तेवढ्यावरून केवढे वादळ उठले होते. मुलींच्या लग्नाचे किमान वय चौदा करणारा सारडा कायदा 1929 चा. मग लग्नानंतरचे प्रेम लिहायचे म्हणजे लहान मुलीच्या संसाराला गुलाबी रंग देणे नव्हे काय? तसे होत असेल तर ती कादंबरी लिहूच नये. पण लग्नाचे वय आणि कथेचे वय एकच असायला हवे असे कोठे आहे? लग्न लहानपणी झाले, नवरा दहा-बारा वर्षे शिक्षणासाठी, नोकरीसाठी, चळवळीत किंवा तुरुंगात दूर राहिला, आणि आता बावीस-तेवीस वर्षांची बाई एका जवळजवळ अनोळखी माणसासमोर उभी आहे, ज्याच्याशी तिचे आयुष्य तिला न विचारता बांधले गेले. तो तिला आवडेल का, हा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडतो आहे. नाही आवडला तर जायला वाटही नाही, हे कादंबरीने विसरू नये. रखमाबाईंचा खटला 1884 ते 1888 या काळात गाजून गेलेला होता, आणि लहानपणी लागलेल्या लग्नाला मोठेपणी नकार देणाऱ्या बाईचे काय होते हे शिकलेल्या घरांना माहीत होते. अशा स्थितीत तिचा होकार हीच कादंबरीतली सर्वांत मोठी घटना ठरते. लहानपणाचा भाग सांगायचा तर तो दुःखाचा म्हणून सांगावा. त्यात रमू नये.

दुसरा आक्षेप असा, की लग्नाआधी प्रेमात पडणारी माणसे तेव्हाही होती. होती, आणि त्यांच्यावरही लिहावे. फक्त त्यांच्या वाटेत काय होते ते नेमके माहीत असले पाहिजे. दोन जातींतल्या तरुण-तरुणीला 1910 साली कायद्याने लग्न करायचे झाले, तर त्यांना 1872 च्या विशेष विवाह कायद्याकडे वळावे लागे. रजिस्ट्रारला नोटीस द्यायची, चौदा दिवस थांबायचे, त्या मुदतीत कोणीही हरकत घ्यावी, वय एकवीसपेक्षा कमी असेल तर बापाची किंवा पालकाची संमती आणायची. आणि शेवटी तीन साक्षीदारांसमोर लिहून द्यायचे की मी हिंदू धर्म मानत नाही. ही अट 1923 च्या दुरुस्तीने हिंदूंपुरती सैल झाली. म्हणजे 1910 च्या नायकाला नुसते बापाशी भांडून भागत नव्हते, ज्या देवघरात तो वाढला ते आपले नाही असे त्याला सही करून सांगावे लागे. नास्तिक नायकाला हे सोपे. पण नायक श्रद्धाळू असेल, दरवर्षी आळंदीला जाणारा असेल, तर? चौदा दिवसांच्या त्या मुदतीत एक आख्खी कादंबरी मावते. विधवा नायिकेचेही तसेच. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, पण 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा पुनर्विवाहाची चळवळ त्यांनी आश्रमापासून कटाक्षाने दूर ठेवली, कारण एरवी कोणी आपली विधवा मुलगी तिथे पाठवायला धजले नसते. हिंगण्याला या आश्रमात शिकणाऱ्या बाईला कोणाविषयी ओढ वाटली, तर पणाला लागणार ते तिच्या पाठीमागून येऊ पाहणाऱ्या पन्नास मुलींचे शिक्षण. खलनायकाची गरजच उरत नाही. दोन्ही बाजू चांगल्या आहेत, आणि म्हणूनच पेच सुटत नाही.

हे सगळे पांढरपेशा ब्राह्मण घरांचे झाले, बाकीच्या महाराष्ट्राचे काय, असा तिसरा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. छापील आत्मचरित्रे ज्यांनी लिहिली त्यांच्याच घरांचे जिने आपल्याला तोंडपाठ आहेत. विधवेचा पुनर्विवाह हा ऐतिहासिक मराठी प्रेमकथेचा जणू ठरलेला विषय, पण अनेक ब्राह्मणेतर जातींत पाट लावण्याची चाल जुनीच होती. तिथे केशवपनाचा प्रसंग घालणे म्हणजे अज्ञान. त्याच वेळी उच्च कुळी म्हणवणारी मराठा घराणी पाटाला कमीपणा मानत, म्हणजे एकाच गावात दोन आळ्यांत विधवेची गोष्ट दोन तऱ्हांनी घडते. गिरणगावात तर मांडणीच वेगळी. रत्नागिरीकडचा गडी मुंबईत, खोलीत दहा-बारा जणांबरोबर राहणारा, जेवण खानावळीत. बायको गावी शेत राखणारी. किंवा बाईच गिरणीत, रीळ आणि वाइंडिंगच्या खात्यात. तिथे पत्र लिहिणारा तिसरा, वाचून दाखवणारा चौथा. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद, म्हणजे ज्येष्ठ ते नारळी पौर्णिमा भेट नाही. खरी बातमी मनीऑर्डरच्या आकड्यातून कळते: दर महिन्याला चार रुपये यायचे, या वेळी अडीचच का आले? माणूस आजारी आहे, की त्याने दुसरीकडे घर केले? या घरांचे पुरावे सरकारी कागदांत, लावण्यांत, जात्यावरच्या ओव्यांत विखुरलेले आहेत. गोळा करायला कष्ट पडतात, एवढ्यावरून ती माणसे वगळायची हे मला मान्य नाही.

तपशिलाच्या या ओझ्याखाली प्रेमाचा आनंद चिरडतो, वाचक हिशेब वाचायला आलेला नसतो, असेही म्हटले जाते. तपशील नुसता दाखवायला ठेवला तर खरेच चिरडतो. पण तो कोणाची तरी अडचण बनला की वाचकाला ओझे वाटत नाही. देशाची एकच प्रमाण वेळ 1906 च्या आरंभी लागू झाली, रेल्वेही तिच्याप्रमाणे धावत होती, पण मुंबई शहराने आपली जुनी वेळ सोडली नाही. महापालिकेच्या कारभारात ती पुढे कित्येक वर्षे टिकली. दोहोंत एकोणचाळीस मिनिटांचा फरक. शहराच्या घड्याळात सहा वाजले, तर स्टेशनच्या घड्याळात सहा एकोणचाळीस. पुण्याहून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या बाईला ‘सहाला बोरीबंदरला येतो’ असे कळवणाऱ्याने कोणते सहा धरले? फलाटावर ती ज्या एकोणचाळीस मिनिटांत एकटी उभी आहे, तेवढ्यात तिच्या मनात काय काय येऊन जाईल! संवादांचेही तसेच. नवऱ्याचे नाव न घेणारी, त्याच्याशी आडवळणाने, ‘इकडून जेवायला कधी येणं होईल’ असे बोलणारी बाई ज्या दिवशी सरळ ‘तुम्ही’ म्हणते, तो दिवस कादंबरीत कोणत्या पानावर यावा याचा विचार लेखकाने पहिल्या पानापासून करायला हवा.

राहता राहिला सुखान्त. प्रेमकादंबरीच्या वाचकाला तो हवा असतो, आणि प्लेग, बाळंतपणे, 1918 चा इन्फ्लुएंझा यांतून वाचलेल्या जोडप्याला तो द्यायला माझी हरकत नाही. फक्त त्या काळी सुख कशाला म्हणत ते ओळखावे. पुष्कळ जोडप्यांच्या वाट्याला ते बदलीच्या हुकुमाच्या रूपाने आले: नवऱ्याची नोकरी दुसऱ्या गावी, आणि तिथे दोन खोल्यांचे वेगळे बिऱ्हाड, जिथे दिवसाढवळ्या नवऱ्याला हाक मारता येते. शेवट तिथे करावा. मात्र सामानाची बांधाबांध चाललेली असताना सासूलाही दोन-चार पाने द्यावीत. तिला स्वतःला वेगळे बिऱ्हाड कधी मिळाले नाही, आणि लोणच्याची बरणी फडक्यात बांधून देताना सून कायमची हातातून चालली हे तिला कळते आहे. ती बरणी ती रागाने बांधते की मायेने, हे ज्याने ठरवले नाही त्याचे शेवटचे प्रकरण अजून लिहून झालेले नाही.