प्रोसेसर घेताना शेवटचे अक्षर वाचा

चंडीगडमध्ये संगणक जुळवून घ्यायचा, तर पावले सेक्टर २०च्या कॉम्प्युटर मार्केटकडे वळतात. तिथे भाव विचारण्याआधी खोक्यावरच्या मॉडेल क्रमांकाचे शेवटचे अक्षर बघा. इंटेलच्या ‘आय३-१२१००एफ’मधला ‘एफ’ सांगतो, की चिपमध्ये ग्राफिक्स नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर पडदा काळाच राहतो आणि स्वस्ताई अंगाशी येते. एएमडीच्या ‘रायझन ५ ५६००’मध्येही ग्राफिक्स नाही, ‘५६००जी’मध्ये आहे.

एकट्या प्रोसेसरची किंमत धरू नका. मदरबोर्ड, रॅम, कूलर यांची बेरीज करा. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटला डीडीआर४ रॅम चालते. २०२२मध्ये आलेल्या एएम५ला डीडीआर५च लागते. सुरुवातीचा खर्च जास्त, पण पुढे त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसवता येतो. ‘रायझन ५ ७६००’च्या खोक्यात कूलर असतो, ‘७६००एक्स’च्या खोक्यात नसतो. मे-जूनमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा कूलरवर काटकसर नकोच.

लिखाण, हिशेब, ऑनलाइन वर्ग यांना चार कोअर पुरे. वाचलेले पैसे एसएसडी आणि १६ जीबी रॅमवर घाला. चिप सीलबंद खोक्यातलीच घ्या, तीही जीएसटीच्या पक्क्या बिलावर.

शेजारच्या मोहालीत, सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत, ‘विक्रम ३२०१’ हा ३२ बिटांचा प्रोसेसर १८० नॅनोमीटर तंत्राने घडतो. तो इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी आहे. दुकानात मिळत नाही.