बाळ माझं, सांभाळणार मीच!

दिवस गेल्याची बातमी फुटली की घरात पेढे येतात, सासूबाई दृष्ट काढतात आणि शेजारच्या काकू ‘आता जपून हं’ म्हणून हसत जातात. पण होणाऱ्या आईच्या पायात कॅलिपर असला किंवा काखेत कुबडी असली, तर त्याच काकू आवाज खाली आणून विचारतात, ‘अगं, पण तुला झेपेल का गं?’

तुमच्यापैकी ज्यांचा पाय लहानपणी पोलिओने अधू झाला, त्यांना हा प्रश्न नवा नाही. शाळेत नाव घालताना तो विचारला गेला असेल, लग्न ठरताना तर हमखास. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्यामुळे तरुण डॉक्टरांनीसुद्धा पोलिओ झालेली गर्भारशीण क्वचितच तपासलेली असते. पण त्याआधी ज्यांना तो झाला त्या मुली आता तिशीत आहेत, संसार करताहेत आणि त्यांनाही मूल हवं आहे. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी. ज्यांच्या घरी अशी सून किंवा भावजय आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही.

आधी मनातली भीती काढू या. पोलिओ विषाणूमुळे होतो, तो रक्तातून पुढच्या पिढीत उतरत नाही. तुमचा पाय बारीक म्हणून बाळाचा पाय बारीक होणार नाही. गर्भाशयाचं कामही हातापायांच्या स्नायूंसारखं चालत नाही, त्यामुळे कळा येतात, आणि पोलिओमध्ये संवेदना जात नसल्याने त्या जाणवतातही. (चांगल्याच जाणवतात!) फरक पडतो तो दुसरीकडे. पाठीचा कणा वाकडा असेल तर पोट वाढल्यावर दम लवकर लागतो. कंबर एका बाजूला कललेली असेल तर बाळाच्या वाटेचा अंदाज आधी घ्यावा लागतो. पोटाचे स्नायू दुबळे असतील तर जोर करताना मदत लागते.

म्हणून पहिल्याच भेटीत कुणी ‘अपंग आहेस, म्हणजे सिझेरियनच’ असं ठरवून टाकलं, तर शांतपणे कारण विचारा. कारण असेल तर सिझेरियन जरूर करून घ्यावं, त्यात कमीपणा कसला? पण कारण हवं. लहानपणीच्या ऑपरेशनचे कागद, जुने एक्स-रे माहेरच्या ट्रंकेत पडले असतील तर ते मागवून घ्या. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सातव्या-आठव्या महिन्यातच भेटा. वाकड्या कण्यात सुई कुठे द्यायची, हे रात्री दोन वाजता ठरवायचं काम नव्हे.

अपघातात मणक्याला इजा होऊन पाय गेलेल्या भगिनींची गोष्ट वेगळी आहे. त्यांना कळा जाणवत नाहीत असंही होतं, आणि इजा वरच्या मणक्यांत असेल तर अचानक डोकं फुटायला लागणं, घाम सुटणं, रक्तदाब चढणं ही धोक्याची खूण असते. त्यांनी मोठ्या हॉस्पिटलातच नाव घालावं.

आता कॅलिपरकडे वळू. नऊ महिन्यांत साधारण दहा-बारा किलो वजन वाढतं आणि त्यातलं बरंचसं तुमच्या चांगल्या पायाला आणि खांद्यांना पेलावं लागतं. मांडीही भरते, मग कॅलिपरचा वरचा पट्टा रुतायला लागतो. बऱ्याच जणी पट्टा एक भोक सैल करतात आणि दिवस ढकलतात. तसं करू नका. पाचव्या महिन्याच्या सुमारास कॅलिपर करणाऱ्याकडे जा, मांडीचा पट्टा रुंद करून घ्या, बुटात सुजलेलं पाऊल मावतं की नाही पाहा. रात्री कॅलिपर काढल्यावर कातडीवर लाल वळ दिसला आणि तो सकाळपर्यंत गेला नाही, तर तिथे जखम होणार हे ओळखा. कुबडीच्या टोकाचं रबर झिजलेलं असेल तर आजच बदला. वीस-पंचवीस रुपयांचं रबर नाही म्हणून बाई मोरीत घसरते, आणि दोष मात्र पायाला येतो!

गरोदरपणात सांधे सैलावतात, पोट पुढे आल्याने तोलही बदलतो. जी बाई वीस वर्षांत पडली नाही तीही सातव्या महिन्यात अडखळते. पडलात तर ‘काही दुखत नाही’ म्हणून गप्प राहू नका, डॉक्टरांना दाखवा. रक्त दिसलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली तर त्याच क्षणी निघा. आणखी एक, चालणं कमी झालेल्या बाईच्या पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती जास्त असते. एकाच पायाची पोटरी एकाएकी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर ‘गरोदरपणी सूज यायचीच’ म्हणून शेकत-चोळत बसू नका.

आता घर. बाळाचं सगळं काम आपण बसून करणार, असं एकदा मनाशी ठरवा, म्हणजे अर्धी तयारी झालीच! मग प्रश्न उरतो तो पायांचा नव्हे, उंचीचा. तुम्ही खुर्चीवर बसत असाल तर पाळण्याच्या साखळ्या अशा लावून घ्या की बसल्या जागेवरून, न वाकता, बाळ उचलता यावं. तुम्हाला जमिनीवर वावरणं सोपं जात असेल तर फारच उत्तम. एका कोपऱ्यात गादी, मच्छरदाणी, हाताशी दुपटी-लंगोटांची टोपली, पाण्याचा तांब्या आणि टेकायला भिंत. जमिनीवरून बाळ पडणार कुठे? अशा दोन जागा करा, एक रात्रीची, एक दिवसाची, आणि सामानही दोन्हीकडे वेगवेगळं ठेवा. दर वेळी लंगोटासाठी उठावं लागलं तर दिवसाला वीस खेपा होतात, मोजून पाहा.

आपल्याकडे बाळाला पायांवर आडवं घेऊन न्हाऊ घालतात. एक पाय बारीक आणि एक भरीव असला की बाळ एका बाजूला कलतं. न्हाऊ घालणारी बाई असेल तर प्रश्न नाही, पण तुम्हाला स्वतः आंघोळ घालायची हौस असेल तर चौरंगावर प्लॅस्टिकचा टब ठेवा, तळाशी जुना टॉवेल अंथरा आणि शेजारी स्टुलावर बसा. बादली भरून आणून देणं हे यजमानांचं काम. मोरीत तुमच्या खांद्याच्या उंचीला धरायला पाइप बसवून घ्या, कोणताही प्लंबर तासाभरात बसवतो. शौचाला उकिडवं बसणं शेवटच्या महिन्यांत जमत नाही, तेव्हा कमोडची खुर्ची आधीच आणा.

बाळाला घेऊन चालायचं कसं? दोन्ही हातांत कुबड्या असतील तर चालायचंच नाही, बाळ दुसऱ्याने आणून द्यायचं. एकाच कुबडीवर चालत असाल तर बाळ कापडी झोळीने छातीशी बांधता येतं, पण आधी सराव हवा. तीन किलो तांदळाची पिशवी घ्या, तिला झबलं घाला (हसू देत घरातल्यांना!) आणि तिला पाळण्यातून उचला, कुशीत घ्या, आडवी करा, झोळीत बांधून खोलीत दोन फेऱ्या मारा. नवऱ्याने मागे उभं राहावं. आठव्या महिन्यात पोट आड येतं, म्हणून हा सराव पाचव्या-सहाव्यात उरका. तांदूळ सांडले तर गोळा करता येतात. तोल जातोय असं एकदा जरी वाटलं, तर झोळीचा बेत सोडून द्या.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. पण माहेरचं घर दुसऱ्या मजल्यावर असेल, मोरीला उंच उंबरठा असेल, तर आईच्या मायेने तो उंबरठा खाली येत नाही. जिथे तुम्हाला एकटीला संडासापर्यंत जाता येतं, ते घर निवडा. आईलाच तिथे बोलवा. सासूबाईंना हे आधी नीट सांगितलं तर रुसवेफुगवे टळतात.

आता जरा नाजूक विषय. माझ्या परिचयातली एक शिक्षिका, तिचा डावा पाय पोलिओचा. सासू अगदी प्रेमळ. बाळ झाल्या दिवसापासून ‘तू पड गं, मी बघते’ म्हणत त्यांनी आंघोळ, तेल, झोपवणं सगळं आपल्याकडे घेतलं. आईकडे बाळ यायचं ते दूध पिण्यापुरतं. तीन महिन्यांत अशी वेळ आली की बाळ रडलं की आजीकडेच शांत व्हायचं आणि आई पलंगावर बसून बघत राहायची. कुणी वाईट वागलं नव्हतं, म्हणून तर बोलायची सोय नव्हती! शेवटी तिने एका रविवारी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘आई, बाळाला आणून माझ्या मांडीवर द्यायचं काम तुमचं. तेल आणि झोपवणं माझं.’ सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तेलाची वाटी सुनेच्या हाताशी आणून ठेवली.

हे बोलणं बाळ यायच्या आधी करा. मदत तुमच्या हाताखाली हवी, तुमच्याऐवजी नको. पाणी उचलणं, लंगोट धुणं, रात्री दिवा लावून बाळ कुशीत देणं ही कामं वाटून द्या. दूध पाजणं, अंगाई, तेल ही कामं सोडू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की सुनेला बाळ उचलता येत नाही, एवढ्यावरून तिला ते सांभाळता येत नाही असं समजू नका.

हॉस्पिटल निवडताना लिफ्ट आहे का, तपासणीचं टेबल किती उंच आहे, संडासात धरायला काही आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. कागदावर चार ओळी लिहून केसपेपरला जोडा: कोणता पाय किती वाकतो, कुठे ओढ बसली की दुखतं. पोलिओच्या पायाचं हाड ठिसूळ असतं, घाईत कुणी जोर लावून पाय वर केला तर ते मोडूही शकतं. प्रसूतीच्या वेळी तुमची पद्धत माहीत असलेलं माणूस जवळ असू दे.

पैशाची बाजूही पाहून ठेवा. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझेरियन, औषधं आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. दर महिन्याच्या नऊ तारखेला तिथे गरोदर बायकांची खास तपासणी असते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात, आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असलेल्या बाईला त्याच आधारावर अर्ज करता येतो. (कागदावर आता ‘दिव्यांग’ लिहितात, तेव्हा फॉर्ममध्ये तो शब्द शोधा.) दाखला जुना असेल तर नवं कार्ड पाचव्या महिन्यापूर्वी करून घ्या, नंतर रांगेत उभं राहवत नाही. अर्जासाठी अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंना गाठा.

बाळ झालं की पहिल्या तासात पाजायला घ्या, कुशीवर निजून पाजणं तुम्हाला सगळ्यांत सोपं जाईल. मध, गुटी काही नको. शेक-शेगडी बंद खोलीत नको. पोलिओचे दोन थेंब जन्मल्यावर लगेच, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी, आणि सोबत टोचायची लसही. त्या दिवशी बाळाला मांडीवर घेऊन तुम्हीच बसा.

बाळंतपणानंतर मांडी पुन्हा उतरते, वजन घटतं. गरोदरपणी सैल केलेला कॅलिपर आता हलतो आणि गुडघ्याचं लॉक दगा देतं. तेव्हा सव्वा महिना झाला की पुन्हा एकदा कॅलिपर करणाऱ्याची वेळ घ्या. जुना पट्टा टाकून दिला नसेल तर तो बरोबर न्या.